फोर्डच्या गाडीचा कणा

मैत्रिणींनो, बैलगाडीचं चाक निखळलं तर पुन्हा बसवता येतं, पण कणा मोडला की गाडी जागच्या जागी बसते. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला हे सांगावं लागत नाही. मोटारीचंही तसंच. पुढची दोन चाकं ज्या आडव्या पोलादी दांड्यावर असतात तो एक्सल, म्हणजे मोटारीचा पुढचा कणाच. तो मजबूत कसा करायचा हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मोटार बनवणाऱ्या प्रत्येकाला पडला होता. अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने तो असा सोडवला की साध्या शेतकऱ्यालाही मोटार घेता येऊ लागली. हेन्री फोर्ड हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याची बायको क्लारा हिचं नाव किती जणींनी ऐकलंय?

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ चा, मिशिगन राज्यात डिअरबॉर्नजवळच्या शेतावरचा. तेरावं पूर्ण व्हायच्या आतच त्याची आई गेली. त्याच वर्षी, १८७६ मध्ये, वडिलांबरोबर जाताना त्याने रस्त्यावरून आपोआप चालत येणारं वाफेचं इंजिन पाहिलं आणि तेव्हापासून त्याचं मन शेतीतून उठलं ते उठलंच. सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइट शहरात कारखान्यात उमेदवारी करायला गेला. दिवसभर कारखान्यात राबायचं आणि रात्री घड्याळं दुरुस्त करायची. वडिलांना वाटायचं, पोराने शेती बघावी. त्यांनी ८० एकर रान देऊ केलं आणि हेन्री परत आला. ११ एप्रिल १८८८ रोजी त्याचं क्लारा ब्रायंटशी लग्न झालं. तो तिचा बाविसावा वाढदिवस होता. नवराबायकोने शेतावर छान चौकोनी घर बांधलं.

त्या घरात क्लारा किती राहिली? दोन-तीन वर्षं. हेन्रीच्या डोक्यात पेट्रोलवर चालणारं इंजिन होतं आणि त्यासाठी वीज कळायला हवी होती. वीज कळायची तर शहरात जायला हवं. १८९१ मध्ये तो डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत नोकरीला लागला. हौसेने मांडलेला संसार उचलून क्लारा भाड्याच्या घरात आली. हा निर्णय कोणाचा होता हे सांगायला नको, पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं.

२४ डिसेंबर १८९३, नाताळची आदली रात्र. त्यांचा मुलगा एडसेल जेमतेम सात आठवड्यांचा होता. क्लारा दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या तयारीत, आणि हेन्री एक लहानसं इंजिन घेऊन थेट स्वयंपाकघरात. पाइपचा तुकडा आणि असंच मिळेल ते सामान जोडून त्याने ते केलं होतं. मोरीच्या कठड्याला त्याने ते घट्ट बसवलं आणि दिव्याच्या तारेतून ठिणगीसाठी वीज घेतली. मग हेन्रीने चाक फिरवायचं आणि क्लाराने थेंब थेंब पेट्रोल सोडायचं. धूर झाला, मोरी हादरली, इंजिन धडधडत सुरू झालं. बाळ बाजूच्याच खोलीत झोपलेलं. आपल्यापैकी कोणी असतं तर नवऱ्याला इंजिनासकट अंगणात पाठवलं असतं! क्लाराने हातातलं काम ठेवून पेट्रोल ओतलं. सासर-माहेरचे लोक हेन्रीच्या नादाला हसत असताना तिचा त्याच्यावर विश्वास होता, आणि हेन्री तिच्याबद्दल बोलताना तिच्या विश्वासाचाच उल्लेख करायचा.

४ जून १८९६ च्या पहाटे चारच्या सुमारास त्याची पहिली गाडी तयार झाली. सायकलची चार चाकं, सुमारे सव्वादोनशे किलो वजन. मागे जायची सोयच नाही. शेडच्या दारातून गाडी बाहेर निघेना, तेव्हा त्याने कुऱ्हाड घेऊन विटांची भिंतच फोडली. पुढे दोन कंपन्यांमध्ये त्याचं जमलं नाही. तिसरी, म्हणजे फोर्ड मोटर कंपनी, १६ जून १९०३ रोजी सुरू झाली आणि टिकली.

आता कण्याची गोष्ट. तेव्हा अमेरिकेतल्या खेड्यांतले रस्ते आपल्या पाणंदीसारखेच होते. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वाळून कडक झालेल्या खोल चाकोऱ्या. अशा चाकोरीत चाक आपटलं की सगळा मार पुढच्या एक्सलवर येतो. यावर सरळ उपाय म्हणजे एक्सल जाड करायचा. पण एक्सल जाड केला की गाडी जड होते, इंजिन मोठं लागतं, किंमत वाढते आणि जड गाडी चिखलात आणखी रुतते. फोर्डने हा रस्ता धरला नाही. पोलादात व्हॅनेडियम नावाचा धातू अगदी थोडासा मिसळला तर ते कितीतरी पट ताण सहन करतं आणि तरी लवचीक राहतं, हे त्याला समजलं. जाड काठी मोडते, वेत वाकून पुन्हा सरळ होतो, तसंच काहीसं. त्याने आपल्या माणसांना या पोलादाच्या मागे लावलं, इंग्लंडच्या एका जाणकाराची मदत घेतली आणि ओहायोतल्या कारखान्यात ते पोलाद बनवून घेतलं. लोकांची खात्री पटावी म्हणून एक्सल न तापवता, थंड असतानाच पिळ्यासारखा पिळून दाखवायचे. पीळ पडायचा, तुकडा पडायचा नाही.

१ ऑक्टोबर १९०८ रोजी मॉडेल टी बाजारात आली. किंमत ८५० डॉलर, वजन साधारण साडेपाचशे किलो, आणि उंची एवढी की चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला पोट घासू नये. पुढे एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग होती. एक्सलच्या दोन टोकांपासून मागे दोन दांड्या निघायच्या आणि इंजिनाखाली एका गोळ्यात येऊन मिळायच्या. त्यामुळे एक चाक खड्ड्यात नि दुसरं उंचवट्यावर असलं तरी एक्सल तिरका व्हायचा, पण सांगाडा पिरगळत नव्हता.

तरी एक उणीव राहिलीच. या दांड्या एक्सलच्या वरच्या बाजूला जोडलेल्या होत्या. चाक जोरात आपटलं की खालचा भाग मागे ढकलला जायचा आणि वर जोडलेली दांडी त्याला पुरेशी अडवू शकत नव्हती. एक्सल मागे थोडा कललेला असतो म्हणून चाकं आपसूक सरळ धावतात. तो कल बिघडला की चालवणाऱ्याच्या हातात चक्र असूनही गाडी भलतीकडेच जाते. दांडीचा मागचा सांधा झिजलेला असला तर धोका आणखी जास्त. १९१९ मध्ये कंपनीने त्या दांड्या एक्सलच्या खालून जोडल्या आणि कण्याला खरा आधार मिळाला. जुन्या गाड्यांना खालून वेगळा आधार लावायची सोय बाजारात मिळायची. आजही जगभर जुन्या मॉडेल टी हौसेने चालवणारे लोक १९१९ पूर्वीच्या गाडीला असा आधार देतात. बदल म्हटला तर केवढासा! पण तो यायला अकरा वर्षं लागली. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा, हा हेन्रीचा स्वभाव होता.

गाडीला चावी नव्हती, पुढे उभं राहून हॅण्डल मारावं लागायचं. ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. बायकांना ते फार जड जाई. गंमत बघा, खुद्द क्लारा १९१४ ची विजेवर चालणारी गाडी चालवायची आणि ती होती दुसऱ्याच कंपनीची. बटणावर सुरू होणारी मॉडेल टी १९१९ पासून मिळू लागली.

१९१३ मध्ये फोर्डने कारखान्यात सरकत्या पट्ट्याची पद्धत आणली. ज्या सांगाड्याच्या जोडणीला साडेबारा तास लागायचे तो दीड तासात होऊ लागला. पण एकच बोल्ट दिवसभर आवळून माणसं विटली आणि सोडून जाऊ लागली. म्हणून ५ जानेवारी १९१४ रोजी त्याने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आठ तासांचं काम. जगभर वाहवा झाली.

पण या पाच डॉलरला अट होती. कंपनीची माणसं कामगाराच्या घरी जायची. घर स्वच्छ आहे का, तो दारू पितो का, पैसे शिल्लक टाकतो का, घरात भाडेकरू कोण ठेवलेत, सगळं बघून लिहून न्यायची. पसंत पडलं नाही तर पूर्ण मजुरी नाही. बचत गटाच्या कामासाठी मीही घरोघर जाते. एखाद्या बाईच्या घरी पाऊल टाकलं की तिची नजर आधी आपल्या भांड्यांच्या मांडणीवर जाते, मग माझ्याकडे येते. नवऱ्याची अर्धी मजुरी त्या मांडणीवर ठरत असेल तर त्या बाईला काय वाटत असेल? आणि स्त्री कामगारांना सुरुवातीला हे पाच डॉलर नव्हतेच, १९१६ मध्ये मिळाले. एवढी चौकशी करणाऱ्या कंपनीला घर चालवणाऱ्या बाईची मजुरी दोन वर्षं दिसली नाही, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट तर लपवण्यासारखी नाहीच. १९२० पासून त्याच्या मालकीच्या वृत्तपत्राने ज्यू लोकांविरुद्ध वर्षानुवर्षं विष पसरवलं. १९२७ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, पण १९३८ मध्ये हिटलरच्या सरकारने दिलेलं पदक त्याने स्वीकारलं. मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना हे गाळून चालत नाही. याच हेन्रीला महात्मा गांधींनी आपली सही केलेला चरखा पाठवला होता. १९४२ मध्ये तो त्याच्या हाती पोचला. माणूस एका रंगाचा नसतो, दुसरं काय म्हणायचं.

आणि एडसेल? तो शांत आणि रसिक होता. गाडी सुंदर दिसावी असं त्याला वाटायचं. १९१९ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, वडिलांनी त्याला कंपनीचा अध्यक्ष केलं, पण नावापुरतंच. त्याने ठरवायचं आणि वडिलांनी चारचौघांसमोर मोडायचं. द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आपल्या गाडीत यावेत यासाठी तो कितीतरी वर्षं झगडला. ते फोर्डच्या गाडीत आले १९३९ मध्ये, इतरांच्या खूप मागून. मॉडेल टी जुनी झाली हे त्याला केव्हाच दिसत होतं. शेवटी २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा चालवत होता एडसेल आणि शेजारी बसला होता हेन्री. दहा वर्षांनी, २६ मे १९३७ रोजी, कारखान्याच्या दारात पत्रकं वाटायला आलेल्या कामगार नेत्यांना फोर्डच्या माणसांनी रक्तबंबाळ केलं. तारखांना अर्थ असतो असं मी मानत नाही, पण ही तारीख पुन्हा येणार आहे.

१९४१ च्या एप्रिलमध्ये कामगारांनी संप केला. एडसेल म्हणत होता की बोलणी करू या. हेन्री म्हणे, कारखाना बंद करीन पण संघटनेशी करार नाही. आणि जूनमध्ये त्याने एकाएकी करार केला, तोही इतर कंपन्यांपेक्षा उदार. हे घडलं कसं? त्याचा जुना सहकारी चार्ल्स सोरेन्सन याने आठवणींत लिहिलंय की क्लाराने नवऱ्याला बजावलं, सही केली नाही तर मी घर सोडीन. तिला आणखी रक्तपात नको होता. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली होती.

एडसेलला मात्र कोणी वाचवू शकलं नाही. पोटाच्या कर्करोगाने तो २६ मे १९४३ रोजी गेला. वय ४९. एकुलता एक मुलगा. एकोणऐंशी वर्षांचा हेन्री पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसला. तब्येत ढासळलेली, स्मरण साथ देईना आणि कंपनी मर्जीतल्या माणसांच्या हातात जाऊ लागलेली. तेव्हा एडसेलची विधवा एलिनॉर पुढे झाली. माझ्या मुलाकडे कारभार द्या, नाहीतर माझ्या वाट्याचे शेअर्स विकते, असं तिने सुनावलं. क्लारा सुनेच्या बाजूने उभी राहिली. सप्टेंबर १९४५ मध्ये अठ्ठावीस वर्षांचा नातू, हेन्री फोर्ड दुसरा, अध्यक्ष झाला. सासू-सुनेची अशी जोडगोळी मालिकांमध्ये का दाखवत नाहीत कोण जाणे.

७ एप्रिल १९४७ ची रात्र. नदीला पूर येऊन घराचं वीजघर बंद पडलं होतं. ज्या माणसाने वीज शिकायला शेत सोडलं, तो मेणबत्त्या आणि दिव्यांच्या उजेडात गेला. जवळ क्लारा होती.

आता तो आडवा एक्सल. दुसऱ्या मोठ्या कंपनीने १९३४ मध्येच दोन्ही पुढच्या चाकांना वेगवेगळी स्प्रिंग दिली होती, म्हणजे एकाला धक्का बसला तर दुसऱ्याला जाणवू नये. हेन्री असेपर्यंत फोर्डच्या गाडीत ते आलं नाही. मॉडेल टीचीच अखंड एक्सल आणि आडव्या स्प्रिंगची तऱ्हा चालू राहिली. जून १९४८ मध्ये नातवाने न्यूयॉर्कला नवी फोर्ड दाखवली, तिच्या पुढच्या चाकांमध्ये तो कणा नव्हता. क्लारा तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती.