स्मृतिदिन विशेष : विषाणू डोळ्यांना दाखवणारे अर्न्स्ट रुस्का

2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत भारतातल्या रुग्णाच्या नमुन्यातील कोरोना विषाणूचा फोटो घेण्यात आला. तो टिपला ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने. असे यंत्र प्रथम उभे करणारे जर्मन इंजिनिअर अर्न्स्ट रुस्का यांचा 27 मे हा स्मृतिदिन.

रुस्का यांचा जन्म 25 डिसेंबर 1906 रोजी हायडेलबर्ग येथे झाला. घरात वडिलांचा मोठा मायक्रोस्कोप होता. वडील त्यातून कधीमधी काही दाखवायचे, पण मुलांना हात लावू देत नसत. स्क्रू चुकून जास्त फिरला, तर भिंगाचं नाहीतर नमुन्याचं नुकसान व्हायचं!

पुढे बर्लिनला शिकताना मॅक्स नोल यांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केले. साध्या प्रकाशात मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून बारीक काही वेगळे दिसत नाही. म्हणून प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत आणि काचेऐवजी तारेच्या गुंडाळीचे चुंबकीय भिंग घेतले. 1931 च्या पहिल्या यंत्राने वस्तू जेमतेम 17 पट मोठी दिसली. 1933 मध्ये हा आकडा 12,000 वर गेला.

या यंत्रात सगळा खेळ जुळणीचा. झोत प्रत्येक भिंगाच्या बरोबर मध्यातून जावा लागतो. भिंगाचा प्रवाह थोडा कमी-जास्त करून बघतात. चित्र जागच्या जागी धूसर-स्पष्ट झालं तर जुळणी ठीक. बाजूला सरकलं तर झोत तिरपा आहे, तो सरळ करायचा. भिंगाच्या गोलाईत किंचित फरक असला तरी चित्र एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं. तो दोष पुढच्या यंत्रांत छोट्या दुरुस्ती-गुंडाळ्यांनी काढू लागले. अणूंच्या रांगा बघायच्या, तर यातलं काहीच सोडून चालत नाही.

पण तेव्हा पैसा लावायला कोणी तयार नव्हते. इलेक्ट्रॉनच्या माऱ्यात जिवंत पेशींचे नमुने जळून जाणार, मग उपयोग काय, असा सवाल होता. रुस्का यांना टेलिव्हिजनच्या कंपनीत नोकरी धरावी लागली. धाकटे भाऊ हेल्मुट डॉक्टर. रोगजंतू बघायला हे यंत्र लागणारच, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या प्राध्यापकांनी तसा लेखी अभिप्राय दिला. 1937 मध्ये रुस्का आणि त्यांचे सहकारी बोडो फॉन बोरीस सीमेन्स कंपनीत रुजू झाले. 1939 मध्ये यंत्र बाजारात आले. हेल्मुट यांनी त्यावर विषाणू पाहिलेही.

नोबेल मिळाले ते 1986 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी. तोपर्यंत नोल, हेल्मुट, फॉन बोरीस यांच्यापैकी कुणीही हयात नव्हते. 27 मे 1988 रोजी बर्लिनमध्ये रुस्का यांचे निधन झाले.

आजही फोटो घेण्याआधी प्रयोगशाळेत झोत मध्यावर आहे का, हे आधी तपासतात. लहानपणी ज्या मुलाला स्क्रूला हात लावू दिला नाही, त्यानेच जगाला हा नवा डोळा दिला.