सेवाव्रती सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले हे नाव तुम्हांला परिचित आहे. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, हे तुम्ही वाचले असेल. परंतु या थोर शिक्षिकेचा अंत रुग्णांची शुश्रूषा करताना झाला, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? शुश्रूषेला तुम्ही उर्दूत तीमारदारी म्हणता. सावित्रीबाईंनी केलेल्या तीमारदारीची ही हकिकत आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीरावांनी त्यांना शिकवले. पुढे पतिपत्नींनी मिळून मुलींसाठी आणि दलित मुलांसाठी शाळा चालवल्या. या कामात फातिमा शेख त्यांच्या सोबत होत्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी गेल्या होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे सारे काम फातिमावर पडले असेल, अशी काळजी त्यांनी व्यक्त केली आहे. स्वतः आजारी असतानाही त्यांना दुसऱ्याच्या कष्टांची आठवण होती.

फुले दांपत्याला मूल नव्हते. त्यांनी एका विधवेच्या मुलाला दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. त्याला शिकवून त्यांनी डॉक्टर केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. त्यानंतरही सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे कार्य चालू ठेवले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. प्लेग म्हणजे तुमच्या भाषेतील ताऊन. थोड्याच काळात हा रोग पुण्यात पोहोचला. रोग्याला सणसणून ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि काही दिवसांतच तो दगावे. माणसे घरदार सोडून पळू लागली. आजाऱ्याला हात लावायलाही लोक भीत असत.

अशा वेळी डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसर येथील ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना सुरू केला. शहरातील दाट वस्तीपासून दूर, मोकळ्या हवेत ही जागा होती. सावित्रीबाईंचे वय तेव्हा ६६ वर्षांचे होते. तरीही त्या आजाऱ्यांना दवाखान्यात आणत आणि त्यांची देखभाल करत. मुंढवा गावच्या दलित वस्तीत एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे त्यांना समजले. त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत आल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आता एक गोष्ट नीट समजून घ्या. प्लेगचे जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडले होते. पण ते माणसाच्या शरीरात कसे शिरतात, हे सावित्रीबाईंच्या हयातीत उमगले नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १८९८ साली, सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कराची येथे प्रयोग करून हे कोडे सोडवले. प्लेगने उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडतात. त्या माणसाला चावल्या की जंतू त्याच्या रक्तात जातात. कधीकधी रोग फुप्फुसात उतरतो; मग तो रुग्णाच्या खोकल्यातूनही पसरतो. मेलेल्या उंदराला हात लावू नये, कपड्यांत पिसवा राहू देऊ नयेत, खोकणाऱ्या रुग्णाजवळ तोंड झाकून जावे, हे आज आपण सांगू शकतो. सावित्रीबाईंना हे सांगणारे कोणी नव्हते. रोगाची वाट ठाऊक नसतानाही त्या रुग्णांजवळ गेल्या, यातच त्यांच्या धैर्याची थोरवी आहे.

मग सेवा करणाऱ्याने आपला जीव धोक्यात घालावा, असा या कथेचा अर्थ घ्यायचा का? नाही. सावित्रीबाईंपाशी माया होती, ज्ञान मात्र त्या काळाने त्यांना दिले नव्हते. आपल्याला ते मिळाले आहे. ते असूनही निष्काळजी राहणे म्हणजे सेवा नव्हे. सेवा करणाराच आजारी पडला, तर रुग्णाकडे कोण पाहणार? शिवाय एका रुग्णाचा रोग त्याच्याच हातांनी दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

आज पुण्यात अनेक रुग्णालये आणि वृद्धाश्रम आहेत. तेथे रुग्णांना भरवणाऱ्या, अंग पुसणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या मावशी आणि मदतनीस तुम्ही पाहिले असतील. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा अशा लोकांनी मास्क आणि हातमोजे घालून काम केले. साथ नसली, तरी त्यांना रोज दक्ष राहावे लागते. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना साबणाने हात धुवावे लागतात. मळलेल्या चादरी वेगळ्या ठेवाव्या लागतात. प्राणवायूच्या नळकांड्याजवळ काडी किंवा उदबत्ती पेटवू द्यायची नसते, कारण प्राणवायूमुळे आग झपाट्याने भडकते. बाहेर पडण्याच्या वाटेवर खाट किंवा सामान ठेवायचे नसते, कारण आग लागली तर अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस स्वतः पळू शकत नाही. त्याला त्याच वाटेने बाहेर न्यावे लागते.

ही कामे लहान दिसतात. त्यांची कोणी वाहवा करत नाही. पण त्यांच्यामुळेच माणसांचे प्राण वाचतात. उद्या तुमच्या घरी आजी, आजोबा किंवा धाकटा भाऊ आजारी पडला, तर त्यांच्याजवळ जरूर बसा. त्यांच्या उशाला पाणी ठेवा, खिडकी उघडी ठेवा आणि आपले हात धुवायला विसरू नका. सावित्रीबाईंची माया आणि आजचे ज्ञान या दोहोंची सांगड घालणे, हे आता तुमच्या हाती आहे.