रस्त्यात दिसलेला कंपवात

जेम्स पार्किन्सन यांचे नाव आज रोगामुळे घेतले जाते. हयातीत मात्र ते जीवाश्मांचे अभ्यासक आणि बंडखोर पत्रकलेखक म्हणूनच अधिक ठाऊक होते. लंडनच्या हॉक्सटन भागात ११ एप्रिल १७५५ रोजी जन्मलेल्या पार्किन्सन यांनी वडिलांप्रमाणे तेथेच वैद्यकी केली. राजाच्या हत्येच्या कथित कटाप्रकरणी १७९४ मध्ये त्यांना प्रिव्ही कौन्सिलसमोर साक्ष द्यावी लागली. १८०७ मध्ये स्थापन झालेल्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या संस्थापकांतही ते होते.

कंपवातावरील त्यांचा निबंध १८१७ चा. त्यात अवघे सहा रुग्ण, आणि त्यांपैकी तिघे तर रस्त्यात दिसलेले! तरीही थरथर, पुढे वाकलेले शरीर, धावत सुटल्यासारखी चाल हे त्यांचे वर्णन बव्हंशी टिकून आहे. हा रोग कोठे किती, हे मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. २१ डिसेंबर १८२४ रोजी ते निवर्तले. रोगाला त्यांचे नाव पुढे फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी दिले.

मोजणी विसाव्या शतकातली. जागतिक अंदाजानुसार १९९० मध्ये सुमारे २५ लाख असलेले रुग्ण २०१६ मध्ये ६१ लाखांवर गेले. वृद्धांची वाढती संख्या हे मोठे कारण. पण वयाचा फरक वजा केल्यावरही वाढ उरतेच. उत्तर अमेरिकेत प्रमाण अधिक, सहारापलीकडील आफ्रिकेत कमी. अर्थात जेथे मेंदूविकारतज्ज्ञच विरळा, तेथे निदान करणार कोण? मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे ३२८ रुग्ण आढळले. त्या समाजात ज्येष्ठांचे प्रमाणही मोठे आहे.