विश्लेषण : शाहू महाराजांनी स्त्रियांसाठी केलेले कायदे घराच्या उंबरठ्याआत किती पोहोचले?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा तो ठराव राज्यभर गाजला. त्याच महिन्यात राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे झाली. विधवांना सन्मानाने जगता यावे म्हणून कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्येच कायदा झाला होता. मग शतकानंतर असा ठराव का करावा लागला?

शाहू महाराज गादीवर कसे आले?

२६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव हे कागलच्या घाटगे घराण्यातले. चौथ्या शिवाजी महाराजांच्या निधनानंतर राणी आनंदीबाईंनी १८८४ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि ते शाहू झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. १९०२ मध्ये त्यांनी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. स्त्रियांसाठीचे त्यांचे महत्त्वाचे कायदे मात्र आयुष्याच्या शेवटच्या पाच वर्षांतले आहेत.

कोणते कायदे केले?

ब्रिटिश मुलखात विधवाविवाहाला १८५६ पासून मान्यता होती. संस्थानांना तो कायदा लागू नव्हता. कोल्हापूरने १९१७ मध्ये स्वतःचा कायदा करून पुनर्विवाहाच्या नोंदणीची सोय केली. सरकारदफ्तरी नोंद असली की पुढे ते लग्न नाकारणे सासरच्यांना किंवा भाऊबंदांना सोपे राहत नाही.

त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांसाठी कैद आणि दंडाची तरतूद झाली. भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम त्यानंतर ६४ वर्षांनी आले. १९२० मध्ये अनौरस मुले आणि जोगतिणी यांच्या वारसा हक्कांचाही कायदा झाला.

राजवाड्यात काय घडत होते?

धाकटे राजपुत्र शिवाजी यांचा विवाह १९१७ मध्ये इंदुमतीदेवींशी झाला, तेव्हा त्या जेमतेम दहा वर्षांच्या होत्या. वर्षभरातच शिकारीत राजपुत्राचा मृत्यू झाला. सुधारणेचे कायदे करणाऱ्या राजाच्या घरातही बालविवाह झाला आणि एक मुलगी बालपणीच विधवा झाली. सुनेला पडद्याआड न ठेवता महाराजांनी सोनतळी येथे तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. राजघराण्यातील विरोधाला ते बधले नाहीत. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात मुलींसाठी शिक्षणसंस्था उभ्या केल्या.

कायदा कुठे अडला?

शाळेच्या कायद्याला दंड होता, पुनर्विवाहाला नोंदवही होती. जोगतिणींचा प्रश्न असा सहज हाती लागणारा नव्हता. मुली जिथे यल्लम्माला सोडल्या जात, ते सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात होते. कोल्हापूरचा हुकूम तिथे चालत नव्हता. कायदा झाल्यावर दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले.

प्रथा सुरूच राहिली. मुंबई इलाख्याने १९३४ मध्ये, कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये पुन्हा कायदे केले. दरम्यान १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. पुनर्वसनासाठी या स्त्रियांना स्वतःच रस्त्यावर यावे लागले.

आज स्थिती काय?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता आणि देवदासी यांचा समावेश आहे. २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये देण्याचा निर्णय झाला. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. वर्षातले ३०० दिवस रोज ७० रुपये मिळाले, तरी ही मर्यादा गाठली जाते. शेतमजुरी करून मुले वाढवणाऱ्या विधवेने खरे उत्पन्न सांगितले, तर ती योजनेबाहेर जाऊ शकते. देवदासीची अडचण आणखी वेगळी. मुलगी देवाला सोडणे हाच गुन्हा असल्याने त्याचा कागद कोण देणार?

हेरवाडच्या ठरावानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसेच करण्याचे आवाहन केले. आवाहन न पाळल्यास शिक्षा नाही. शाहू महाराजांच्या कायद्यांत हक्कासोबत तो बजावण्याची सोय जिथे होती, तिथे अधिकाऱ्याला जाब विचारता येत होता. आजच्या योजनांनाही हीच कसोटी लावावी लागेल: अर्ज अडला तर त्या बाईने कोणाला विचारायचे आणि उत्तर किती दिवसांत मिळेल?