बार्तोलोमे द लास कासास : शिक्का पुसणारे बिशप



एखाद्या समाजाविषयी आपण ठामपणे बोलतो, त्यातले पाहिलेले किती आणि ऐकलेले किती? बिशप लास कासास यांचे जीवन हाच प्रश्न विचारते.

स्पेनमधील सेव्हिल हे त्यांचे गाव. १५०२ मध्ये ते कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर गेले. तेथील मूळ रहिवासी आळशी, अडाणी, राबवून घेण्याच्याच लायकीचे, असे स्पॅनिश वसाहतवाले सर्रास सांगत. धर्मगुरू झाल्यावरही लास कासास यांच्याकडे वेठबिगार होते. १५११ मध्ये डॉमिनिकन फादर मोंतेसिनोस यांनी या जुलमाचा प्रवचनात कडक निषेध केला, तरी ते बदलले नाहीत. मग क्युबाच्या स्वारीत त्यांनी निरपराधांची कत्तल पाहिली. १५१४ साली पेंटेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना, गरिबाला लुबाडून केलेल्या अर्पणाविषयीचा सिराकच्या ग्रंथातील उतारा त्यांच्या काळजाला भिडला. त्यांनी आपले वेठबिगार सोडून दिले. पुढे ते डॉमिनिकन संघात गेले आणि आजच्या मेक्सिकोतील चियापासचे बिशप झाले.

हे लोकही खरी माणसे आहेत, त्यांना गुलाम करू नये, असे पोप तिसरे पॉल यांनी १५३७ मध्येच जाहीर केले होते. तरीही १५५०-५१ मध्ये स्पेनमधील व्हायादोलिद येथे यावर वाद झाला. काही माणसे जन्मतःच गुलाम असतात, या ॲरिस्टॉटलच्या मताचा आधार विद्वान सेपुल्वेदा यांनी घेतला. त्यांनी अमेरिका कधी पाहिलीही नव्हती! लास कासास यांनी त्या लोकांची नगरे, शेती, कायदे आणि कुटुंबजीवन यांचे दाखले दिले.

तेही निर्दोष नव्हते. मूळ रहिवाशांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असे त्यांनी एकेकाळी सुचवले होते. आफ्रिकी लोकांवरही तोच अन्याय होतो हे उमगल्यावर त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात पश्चात्ताप व्यक्त केला.

स्पॅनिश अत्याचारांचा त्यांचा वृत्तांत १५५२ मध्ये छापला गेला. स्पेनच्या शत्रूंनी त्याची भाषांतरे करून सगळे स्पॅनिश लोक जात्याच क्रूर, असा शिक्का मारला. अत्याचार खरे होते. पण त्याविरुद्ध उभे राहिलेले मोंतेसिनोस आणि लास कासासही स्पॅनिशच होते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले गेले.

१५६६ मध्ये माद्रिद येथे लास कासास देवाघरी गेले. 'ते लोक असेच असतात' हे वाक्य या आठवड्यात आपल्या ओठांवर आले, तर क्षणभर थांबू या. त्या लोकांपैकी किती जणांच्या घरी आपण कधी गेलो आहोत, हे आठवून पाहू या.