फिजिक्स हवं होतं, मेडिकल मिळालं!

घरातला जुना अल्बम काढा. फ्लॅश मारून काढलेल्या एखाद्या फोटोत कुणाचे तरी डोळे लालभडक आलेले असतील बघा. तो लाल रंग म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून, म्हणजे रेटिना आणि त्यामागच्या रक्तवाहिन्यांवरून परत आलेला उजेड. मग एरवी बाहुली काळीच का दिसते? या प्रश्नाशी झटापट करून हर्मान हेल्महोल्ट्झ रेटिनापर्यंत पोहोचला.

जन्म १८२१, जर्मनीतलं पोट्सडॅम. वडील शिक्षक. पोराला शिकायचं होतं फिजिक्स, पण घरात पैसा नव्हता. बर्लिनला लष्कराच्या संस्थेत सरकारी खर्चानं मेडिकल करता येत होतं. अट एकच, नंतर काही वर्षं सैन्यात डॉक्टरकी करायची. तो गेला. आपल्याकडे मेडिकलसाठी रांगा लागतात, हा गडी नाइलाजानं डॉक्टर झाला! पण फिजिक्स काही सुटलं नाही. सैन्यात असतानाच, १८४७ मध्ये त्यानं ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला. शाळेपासून तुम्ही घोकत आलात, तोच नियम.

पुढे क्योनिग्सबर्गला प्राध्यापक झाला. १८५० मध्ये वर्गात शिकवायची तयारी करताना त्यानं एक गोष्ट हेरली. बाहुलीतून आत गेलेला उजेड आल्या वाटेनंच परत फिरतो. म्हणजे आत बघायचं तर दिव्याच्या जागी आपला डोळा हवा, आणि तिथे डोकं नेलं की उजेडच अडतो! मग त्यानं तिरप्या काचा लावल्या. दिव्याचा थोडा उजेड काचेवरून वळून समोरच्याच्या डोळ्यात जाणार, आणि परतताना त्यातला थोडा काचेतून आरपार आपल्याकडे येणार. काचा, पुठ्ठा, गोंद, एवढंच सामान. आठवडाभर खटपट केली आणि जिवंत माणसाचा रेटिना समोर! वय २९. खरं तर कॉम्प्युटरवाल्या चार्ल्स बॅबेजनंही आधी असं यंत्र बनवलं होतं, पण ज्या डॉक्टरला दाखवलं त्यानं ते मनावर घेतलं नाही.

तोवर नजर अधू झालेल्या माणसाच्या डोळ्यात आत काय बिघडलंय, हे तो जिवंत असेपर्यंत कुणाला बघताच येत नव्हतं. बर्लिनच्या फॉन ग्रेफ या तरुण डॉक्टरनं हे यंत्र उचललं आणि डोळ्याच्या नसेची सूज त्याला जिवंत रुग्णात दिसू लागली. हेल्महोल्ट्झ मात्र पन्नाशीत फिजिक्सचाच प्राध्यापक झाला! १८९४ मध्ये तो गेला.

आता डॉक्टर रेटिनाचे फोटोच काढतात. हाताच्या शिरेत फ्लुरोसीन नावाचा रंग टोचतात. रक्तवाहिनीला सूज असेल तर तिथून तो पाझरतो आणि फोटोत चमकतो. १९६१ मध्ये हे तंत्र मांडणारे नोव्होत्नी आणि अल्व्हिस तेव्हा अमेरिकेत मेडिकलचे विद्यार्थी होते. ओसीटी तर रेटिनाचा एकेक थर दाखवतं, कुठे पाणी साचलंय तेही.

हे तुम्हाला का सांगायचं? ईल्स डिसीज नावाचा आजार आपल्या देशात तरुण मुलांनाच जास्त होतो. रेटिनातल्या शिरा सुजतात, पुढे त्यातून रक्त येतं. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. नुसते काळे ठिपके तरंगतात, नाहीतर अचानक धूसर दिसायला लागतं. तसं झालं तर चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सोडून देऊ नका. थेंब टाकून बाहुली मोठी करून रेटिना तपासून घ्या.