नवजातांच्या कैवारी : डॉ. व्हर्जिनिया ॲपगार

मनुष्याच्या आयुष्यातील सर्वांत बिकट प्रवास कोणता, असे कोणी विचारल्यास आपण समुद्रपर्यटनाचे किंवा गिर्यारोहणाचे नाव घेऊ. परंतु त्यांहूनही बिकट असा एक प्रवास आपण प्रत्येकाने केलेला आहे, आणि त्याची आठवण मात्र कोणालाच नाही. आईच्या उदरात असताना मुलाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात व त्यास लागणारा प्राणवायू नाळेच्या वाटे आईकडून मिळत असतो. जन्म होताच ही वाट बंद पडते, आणि त्या चिमुकल्या जिवास लगोलग स्वतःची फुप्फुसे उघडून स्वतःचा श्वास घ्यावा लागतो. बहुतेक मुले मोठ्याने रडतात व हा उंबरठा सुखरूप ओलांडतात. पण जी रडत नाहीत त्यांचे काय? ह्या एका प्रश्नाचा ज्या स्त्रीने आयुष्यभर पाठपुरावा केला, त्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार ह्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

व्हर्जिनियाबाईंचा जन्म 7 जून 1909 रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात वेस्टफील्ड ह्या गावी झाला. वडील चार्ल्स ॲपगार विमा कंपनीत नोकरीस असत; परंतु खगोलशास्त्र व बिनतारी संदेशयंत्र ह्यांचा त्यांना विलक्षण नाद होता. घरातच प्रयोगशाळा असल्यामुळे शास्त्राची गोडी मुलीस बालपणीच लागली. संगीतही त्या घरी नांदत होते. परंतु दुःखही तेथे येऊन गेलेले होते. एक भाऊ क्षयरोगाने बालपणीच वारला, व दुसरा दीर्घकाळ दुखणाईत असे. मुलांच्या मरणाचा अर्थ ज्या घराला ठाऊक होता, अशा घरात ही मुलगी वाढली.

पुढे त्या मॅसॅच्युसेट्समधील माउंट होलिओक कॉलेजात गेल्या. एकोणिसाव्या शतकात ह्याच विद्यालयातून अनेक स्त्रिया मिशनकार्यासाठी दूरदेशी गेल्या होत्या. घरची स्थिती बेताची असल्याने व्हर्जिनियाबाई शिकता शिकता नाना कामे करून पैसे मिळवीत. प्रयोगशाळेसाठी मांजरे पकडून आणणे हे त्यांतील एक होते. 1929 साली प्राणिशास्त्रात पदवी संपादन करून त्या न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला व देशावर मंदीचे सावट पसरले. त्यांनी कर्ज काढले, पण अभ्यास सोडला नाही. 1933 साली त्या आपल्या वर्गात चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या.

शल्यवैद्य व्हावे ही त्यांची मनीषा होती, व तिला साजेसे कौशल्यही त्यांच्या हाती होते. परंतु विभागाचे प्रमुख डॉ. ॲलन व्हिपल ह्यांनी त्यांना त्या मार्गापासून परावृत्त केले. स्त्री शल्यवैद्याकडे रोगी येत नाहीत व पोट भरत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्याऐवजी भूल देण्याच्या विद्येत लक्ष घालावे, असे त्यांनी सुचविले. त्या काळी भूल देण्याचे काम बहुधा परिचारिका करीत. त्यास स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा आलेली नव्हती. मनातील दार बंद झाले, की बहुतेक माणसे त्या दारापाशीच बसून राहतात. व्हर्जिनियाबाई उठल्या व दुसऱ्या दाराकडे वळल्या. विस्कॉन्सिन व न्यूयॉर्क येथे हे शिक्षण घेऊन 1938 साली त्या आपल्याच इस्पितळात भूलविभागाच्या प्रमुख झाल्या. तो विभाग त्यांनी अकरा वर्षे खपून उभा केला. 1949 साली त्यास स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला, तेव्हा प्रमुखपद मात्र एका पुरुष सहकाऱ्यास देण्यात आले. त्याच वर्षी त्या विद्यालयातील पहिल्या स्त्री प्राध्यापिका होण्याचा मान त्यांना मिळाला, व त्यांनी आपले सारे लक्ष प्रसूतिगृहाकडे वळविले.

तेथे त्यांनी काय पाहिले? अमेरिकेत बालमृत्यूंचे प्रमाण उतरत होते, परंतु जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील मृत्यू मात्र हटत नव्हते. प्रसूतीनंतर सर्वांचे लक्ष आईकडे असे. मूल निळे पडलेले, अशक्त किंवा अपुऱ्या दिवसांचे असले, की ते वाचणार नाही असे गृहीत धरून पुष्कळदा बाजूस ठेवले जाई. कोणत्या मुलास मदत हवी व किती त्वरेने हवी, हे ठरविण्याचे मापच कोणापाशी नव्हते.

हे माप कसे जन्मास आले, ती हकिगत मोठी साधी आहे. 1949 साली एके दिवशी सकाळी इस्पितळाच्या उपाहारगृहात एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की नवजात मुलाची प्रकृती ठरवावी तरी कशी? हाताशी असलेल्या कागदाच्या तुकड्यावर बाईंनी पाच गोष्टी भराभर लिहून दाखविल्या : हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास, स्नायूंचा ताठरपणा, चेतविले असता मिळणारा प्रतिसाद आणि अंगाचा रंग. प्रत्येकास शून्य, एक किंवा दोन गुण द्यावयाचे व जन्मापासून एका मिनिटाने बेरीज करावयाची. पूर्ण गुण दहा. हीच ती जगप्रसिद्ध ॲपगार गुणपद्धती होय. 1952 साली त्यांनी ती वैद्यकसभेपुढे मांडली व 1953 साली प्रसिद्ध केली. पूर्ण दिवसांच्या ज्या मुलांना दोन किंवा त्याहून कमी गुण मिळाले, त्यांच्यापैकी शेकडा 14 दगावली. ज्यांना आठ ते दहा गुण मिळाले, त्यांत हे प्रमाण हजारी दोनाहूनही कमी होते. पुढे पाचव्या मिनिटासही गुण देण्याची वहिवाट पडली.

ह्या पद्धतीचे मोल केवळ आकड्यांत नव्हते. गुण द्यावयाचे म्हणजे मुलाकडे पाहिलेच पाहिजे, आणि पाहिले म्हणजे हात पुढे केलाच पाहिजे. जे मूल कालपर्यंत बाजूस ठेवले जाई, त्याच्याभोवती आता माणसे गोळा होऊ लागली.

परंतु श्वास पुरेसा आहे किंवा नाही, हे छातीकडे पाहून पुरते कळत नाही. ते रक्तच सांगते. म्हणून डॉ. डंकन हॉलडे व डॉ. स्टॅन्ली जेम्स ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी नवजात मुलांच्या नाळेतील रक्त तपासण्यास प्रारंभ केला. जन्मतः प्राणवायू कमी असणे हे स्वाभाविकच आहे, अशी तोवर समजूत होती. ती खोटी ठरली. कमी गुण मिळविणाऱ्या मुलांच्या रक्तात प्राणवायू कमी व आम्लता अधिक आढळली. अर्थात त्यांना तात्काळ श्वास पुरविणे अवश्य होते. ह्याच संशोधनात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. ज्या मातांना सायक्लोप्रोपेन नावाच्या वायूने भूल दिली होती, त्यांची मुले अधिक मलूल जन्मत होती. हा वायू बाईंच्या विशेष आवडीचा होता. पुरावा समोर येताच त्यांनी प्रसूतीच्या वेळी त्याचा उपयोग बंद केला. स्वतःच्या आवडीविरुद्ध स्वतःच निकाल देणे किती कठीण असते, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारून पाहावे.

1959 साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली व मार्च ऑफ डाइम्स ह्या संस्थेत जन्मजात व्यंगांच्या निवारणाचे काम पत्करले. गावोगाव फिरून त्यांनी लोकांस शहाणे केले. आईचे व मुलाचे रक्त ऱ्हीसस घटकाच्या बाबतीत जुळत नसेल, तर मुलाचे रक्त नासते. अशा मुलाच्या नाळेतील शिरेवाटे रक्त बदलण्याची युक्ती बोस्टनचे डॉ. लुई डायमंड ह्यांनी रूढ केली होती. परंतु आईचे रक्त अगोदरच तपासून हे संकट ओळखावे, हे सांगत फिरण्याचे काम बाईंनी केले. अपुऱ्या दिवसांच्या जन्माकडेही त्यांनी समाजाचे लक्ष वेधले.

त्या मुलांची स्थिती त्या काळी किती शोचनीय होती, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. 1963 साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांचा पुत्र साडेपाच आठवडे अगोदर जन्मला व दोनच दिवसांत श्वासाच्या विकाराने वारला. अध्यक्षाची सत्ताही त्यास एक श्वास देऊ शकली नाही. फुप्फुसे उघडी ठेवणारा एक स्निग्ध पदार्थ अशा मुलांत अपुरा असतो, हे डॉ. मेरी एलन एव्हरी व डॉ. जेरे मीड ह्यांनी 1959 साली दाखविले होते. पण उपाय सापडला नव्हता. 1971 साली डॉ. जॉर्ज ग्रेगरी ह्यांनी सतत हवेचा दाब देऊन ती फुप्फुसे उघडी ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. आज किलोभर वजनाची मुलेही जगतात. अशा मुलाच्या अंगात रक्त अवघे 90 मिलिलिटरच्या आसपास असते; तपासणीसाठी काढलेला थेंबन् थेंब मोजावा लागतो व पुष्कळदा बाहेरचे रक्त चढवावे लागते. ह्या साऱ्या शुश्रूषेचा आरंभ जन्मलेल्या मुलाकडे नीट पाहण्यापासून झाला.

बाई मोठ्या विनोदी व उत्साही होत्या. वाटेत कोणाचा श्वास अडल्यास उपयोगी पडावे म्हणून चाकू व श्वासनळी त्या सदैव जवळ बाळगीत. व्हायोलिन व चेलो वाजवीत, इतकेच नव्हे तर ती वाद्ये स्वतः घडवीत. एकदा इस्पितळातील टेलिफोनच्या खोलीतील फळीचे लाकूड वाद्यास उत्तम आहे असे आढळताच, कार्लीन हचिन्स ह्या मैत्रिणीसह त्यांनी रात्री गुपचूप ती फळी बदलून नेली! एवढा एक प्रसंग मात्र विद्यार्थ्यांनी अनुकरणीय मानू नये.

7 ऑगस्ट 1974 रोजी, ज्या इस्पितळात आयुष्य वेचले तेथेच, त्यांचे देहावसान झाले. 1994 साली अमेरिकेने त्यांच्या नावे टपालाचे तिकीट काढले. त्यांच्या पद्धतीच्या मर्यादाही पुढे कळून आल्या. सावळ्या कांतीच्या मुलांत रंगावरून अंदाज करणे कठीण जाते. अपुऱ्या दिवसांचे मूल धडधाकट असूनही गुणांत मागे पडते. आणि श्वास न घेणाऱ्या मुलास मदत देण्यासाठी आता मिनिट भरण्याची वाट कोणी पाहत नाही. तथापि आपल्या देशातील प्रसूतिगृहांतही मुलाच्या कागदावर ते गुण आजही लिहिले जातात.

त्यांना स्वतःस अपत्य नव्हते. त्या अविवाहित राहिल्या. परंतु जगातील असंख्य मुलांची पहिली परीक्षा त्यांच्याच नावाने होते. त्या परीक्षेत विशेष हा, की जो कमी गुण मिळवितो त्याच्याकडेच परीक्षक सर्वांआधी धाव घेतो. आपल्या शाळांतून व समाजातूनही अशीच परीक्षा घेतली जाईल, तर किती बरे होईल!